दहा वर्षांच्या उंचीवरून

तुमचं वय आता दहा. या प्रवासात आपण तीन ठिकाणी उतरणार आहोत. साल बदलेल, दिवे बदलतील, रस्त्यावरची वाहनं बदलतील. तुम्ही मात्र दहाचेच राहाल. शहर हैदराबाद. घर मराठी, पण उर्दू आणि तेलुगू शब्द त्या घरात पाहुण्यासारखे येत नाहीत, ते राहायलाच आहेत. दहाव्या वर्षी माणूस मोठ्यांच्या कमरेच्या थोडा वर असतो. तिथून चेहऱ्याआधी हात दिसतात, झिजलेल्या वहाणा दिसतात, दारात कोण ताटकळतंय ते दिसतं. ज्यांची नावं पुढे पाठ्यपुस्तकांत, पाट्यांवर आणि पडद्यावर गेली, त्यांना आपण याच उंचीवरून पाहणार आहोत.

१९०५ : नामपल्ली

तुम्ही रेसिडेन्सी बाजारात जागे होता. इंग्रज रेसिडेंटची उंच खांबांची कोठी इथून जवळ. एवढ्या बाजारापुरता कायदा इंग्रजांचा. चार गल्ल्या ओलांडल्या की निजाम मीर महबूब अली खान यांचं राज्य सुरू. म्हणून वकील, मास्तर, वर्तमानपत्रं वाचून चर्चा करणारी मंडळी या बाजाराच्या आसऱ्यानं राहतात. तुमचे वडील एका वकिलाकडे कारकून. कचेरीचे कागद उर्दूत, घरचा हिशेब मोडीत.

आज त्यांनी तुमच्या हातात कागदांचं एक पुडकं दिलं आहे. "नामपल्लीला डाक्टरसाहेबांच्या घरी दे. त्यांच्याच हातात दे." आजी माजघरातून बजावते, "आणि तिथं काही तोंडात घालू नकोस, बाळा."

तुम्ही चालत निघता. धूळ, बैलगाड्या, झटक्याच्या घोड्यांच्या घुंगरांचा आवाज. डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांच्या घराची खूण विचारावी लागत नाही. जिथं फाटकात वेगवेगळ्या पागोट्यांची माणसं एकत्र दिसतात, ते घर. एडिंबराहून विज्ञानातली डॉक्टरेट घेऊन आलेला हा बंगाली गृहस्थ. त्यानं इथं सुरू केलेल्या कॉलेजातूनच पुढे निजाम कॉलेज उभं राहिलं. बागेत मौलवी आहेत, शास्त्री आहेत, एक अमीर आहे आणि त्याच्या शेजारी, अगदी तितक्याच ऐटीत, एक भिकारीही बसला आहे. आतल्या खोलीतून काहीतरी तापवल्याचा उग्र वास येतो. डॉक्टरांना किमयेचा नाद आहे. हलक्या धातूचं सोनं करण्याच्या प्रयत्नात आणि लोकांना मदत करण्यात त्यांनी पैसा घालवला, असं त्यांच्या मुलीनंच लिहून ठेवलं आहे.

पुडकं घ्यायला लांब पांढरी दाढी खाली वाकते. तुम्ही त्या हातांकडे पाहता. वडिलांनी सांगितलेलं तुम्हाला आठवतं : १८८३ मध्ये चांद्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या योजनेचा सगळा व्यवहार लोकांसमोर मांडा, असं हे हात उंचावून म्हणाले होते. चांदा म्हणजे आपलं आजचं चंद्रपूर. कर्ज कुणाच्या माथी, फायदा कुणाच्या खिशात, एवढाच प्रश्न होता. त्या प्रश्नापायी सरकारनं त्यांना राज्याबाहेर काढलं. पुढे परत बोलावलं, आणि परत आल्यावरही दार असंच उघडं राहिलं.

अंगणात सात वर्षांचा एक मुलगा शब्दाला शब्द जुळवत धावतो आहे. या घरातला धाकटा मुलगा, हरींद्रनाथ. थोरला भाऊ वीरेंद्रनाथ इंग्लंडात शिकतो आहे. मोठी बहीण सरोजिनी सव्वीस वर्षांची, चार लेकरांची आई. सात वर्षांपूर्वी तिनं डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी लग्न केलं. बंगाली ब्राह्मणाची मुलगी आणि तेलुगू ब्राह्मणेतर मुलगा, हे लग्न समाजसुधारक वीरेशलिंगम पंतुलूंनी मद्रासला लावून दिलं. तुमच्या आजीचा 'तोंडात काही घालू नकोस' हा हुकूम तिथून आलेला आहे. सरोजिनीबाईंचा पहिला कवितासंग्रह याच वर्षी लंडनमध्ये छापून निघतो आहे. त्याचं नाव पुढे नामपल्लीतल्या घराला मिळेल : गोल्डन थ्रेशोल्ड.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, त्यामुळे या अंगणातल्या कुणालाच ठाऊक नसलेलं तुम्हाला ठाऊक आहे. सव्वीस वर्षांची ही आई १९२५ मध्ये काँग्रेसची अध्यक्ष होईल, स्वतंत्र भारतात संयुक्त प्रांताची राज्यपाल होईल. इंग्लंडातला भाऊ क्रांतिकारक होऊन देशोदेशी भटकेल आणि १९३७ मध्ये मॉस्कोत त्याला मृत्युदंड दिला जाईल. आणि शब्द जुळवत धावणारा हा पोरगा? तो कवी होईल, १९५२ मध्ये विजयवाड्याहून लोकसभेत जाईल, आणि १९७२ मध्ये 'बावर्ची' पाहताना लोक त्याला त्या भांडकुदळ कुटुंबाचा म्हातारा आजोबा म्हणून ओळखतील. 'आशीर्वाद' सिनेमात अशोककुमार मुलांना घेऊन जे रेलगाडीचं गाणं म्हणतात, ते याचंच. बापाला रेल्वेच्या प्रश्नावरून देशोधडीला लावलं गेलं. मुलाच्या शब्दांवर सगळ्या देशातली पोरं आगगाडी आगगाडी खेळली.

घरी आल्यावर आजी उंबऱ्यावरच पायांवर पाणी घालते. "काय पाहिलंस रे एवढं?" तुम्ही सांगता की राजासारखा दिसणारा माणूस आणि भिकारी एकाच सतरंजीवर बसले होते. आजी काही बोलत नाही. दोन वर्षांनी केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारखी मंडळी याच भागात मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा उभी करतील. राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं बहुसंख्य, आणि सरकारी शिक्षणात त्यांच्या भाषेला जागा तोकडी. त्या काळात ही शाळा काढणं हेच मोठं राजकारण होतं.

१९५२ : सुलतान बाजार

बाजार तोच, नाव नवं. १९३३ मध्ये इंग्रजांनी रेसिडेन्सीचे बाजार निजामाला परत केले आणि त्याचा सुलतान बाजार झाला. नामपल्लीला पुडकं पोचवणारं ते पोर आता तुमचे आजोबा आहेत. तुम्ही दहा वर्षांचे, आणि तुमच्या खिशात अजून निजामाचा हाली सिक्का खुळखुळतो.

घर काचीगुड्याच्या वाटेवर असल्यानं सकाळ पाहुण्यांनी उजाडते. मनमाडहून निघून औरंगाबाद, परभणी, नांदेड करत येणारी मीटरगेज गाडी काचीगुड्याला माणसं ओतते. कुणाचं कोर्टात काम, कुणाचं दवाखान्यात, आणि या वर्षापासून एक नवं काम : "आमच्या आमदाराला भेटायचंय." आई तांब्या-भांडं पुढे करते, खिचडी आणि चिंचेचा खट्टा वाढते. ज्यांना सवय नाही ते आधी खट्ट्याकडे पाहतात आणि मग दुसऱ्यांदा मागून घेतात.

चार वर्षांपूर्वीचा सप्टेंबर तुम्हाला पुसट आठवतो. खिडक्यांना आतून लावलेल्या फळ्या, निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या नावानं कुजबुजणारे मोठे, आणि १७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी रेडिओभोवती दाटलेली गर्दी. निजामानं शरणागती जाहीर केली तेव्हा आजोबा रडले. आजोबाही रडतात हे तुम्हाला तेव्हा कळलं.

निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी आता रस्त्यात दिसतात. भगव्या वस्त्रांतले स्वामी रामानंद तीर्थ. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिकवलेले मास्तर. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, आणि तेव्हापासून तुरुंग हा त्यांच्या आयुष्याचा नेहमीचा मुक्काम झाला. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठानं आसरा दिला. त्यांतला एक, पी. व्ही. नरसिंह राव, स्वामीजींच्या शिष्यवर्तुळात आहे. तेलुगू घरातला हा तरुण इतकं चांगलं मराठी जाणतो की हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' पुढे त्यानंच तेलुगूत नेली.

स्वामीजी यंदा गुलबर्ग्याहून लोकसभेवर निवडून गेले आहेत. मंत्रिपद त्यांनी घेतलेलं नाही. रस्त्यात त्यांना पाहिलं की मोठी माणसं वाकतात. तुमच्या नजरेच्या टप्प्यात मात्र त्यांची पावलं येतात, आणि ही पावलं मोटारीतून उतरलेली नाहीत हे लगेच कळतं.

एक दिवस वडील तुम्हाला बाग-ए-आममधल्या विधानसभेत नेतात. पांढरी शुभ्र इमारत, घुमट, कमानी. निजाम महबूब अली खानांच्या काळात टाउन हॉल म्हणून बांधायला घेतलेली. आता तिथं १७५ आमदार बसतात. प्रेक्षकांच्या सज्जातून तुम्ही कठड्याच्या गजांमधून खाली पाहता. उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड, एका सभागृहात चार भाषा. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले. वडील कानाशी पुटपुटत एकेकाची ओळख करून देतात. "ते सभापती, काशिनाथराव वैद्य. ते गृहमंत्री, दिगंबरराव बिंदू. ते विनायकराव विद्यालंकार, केशवराव कोरटकरांचे चिरंजीव. आणि समोर, विरोधी पक्षनेते, कॉम्रेड व्ही. डी. देशपांडे."

"सगळे आपलेच?" तुम्ही विचारता.

"भाषा आपली," वडील म्हणतात. "मतं ज्याची त्याची."

या वाक्याचा अर्थ तुम्हाला सप्टेंबरात कळतो. बाहेरून आलेल्यांना नोकऱ्या मिळतात आणि इथल्या मुलांना डावललं जातं, म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले आहेत. 'गैरमुल्की परत जा' हा पुकारा शाळेच्या भिंतीपर्यंत ऐकू येतो. ३ सप्टेंबरला मूसीकाठच्या सिटी कॉलेजाजवळ पोलिस गोळी चालवतात. माणसं मरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळीबार, पुन्हा मृत्यू. गल्लीतला एक दादा त्या मोर्च्यात होता. तो रात्री उशिरा घरी परततो तेव्हा त्याची आई दारातच खाली बसते.

रात्री जेवताना तुम्ही विचारता, "पोलिस कुणाचे?"

"सरकारचे."

"सरकार म्हणजे ते सज्जातून दाखवलेलेच ना? ते तर जेलमध्ये जाऊन आलेत. मग त्यांच्या पोलिसांनी गोळी कशी मारली?"

वडील ताटावरून उठत नाहीत, रागावत नाहीत. ते सांगतात की जेलमध्ये जाऊन आलेल्या माणसालाही खुर्चीवर बसल्यावर प्रश्न विचारावे लागतात, आणि आपण त्याला ओळखतो म्हणून जास्तच विचारावे लागतात. सरकारला न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डी यांची चौकशी नेमावी लागते. आजोबा सगळं ऐकत असतात. थोड्या वेळानं ते चांद्याच्या रेल्वेची गोष्ट सांगतात. राज्याबाहेर काढल्या गेलेल्या त्या डॉक्टरची. त्याचा नातू, सरोजिनीबाईंचा मुलगा जयसूर्य, याच वर्षी मेदकहून लोकसभेत गेला आहे, विरोधी बाकांवर.

चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्याचे तीन तुकडे होतील. मराठवाडा मुंबईकडे, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, तेलंगण आंध्राकडे. काचीगुड्याची गाडी धावत राहील, पण त्यातून उतरणारी माणसं आपल्या आमदाराला भेटायला येणार नाहीत. तुमचं घर इथंच राहील.

१९८४ : आबिड्स

गल्ली बदलली, आता तुम्ही आबिड्सच्या मागे राहता. १९५२ मध्ये सज्जातून वाकून पाहणारं ते मूल आता तुमचे वडील आहेत. दारासमोर ऑटोरिक्षा, मुख्य रस्त्यावर डबलडेकर बस, आणि चार मिनिटांच्या अंतरावर रामकृष्ण थिएटर. त्याच्या जवळच त्या थिएटरचे मालक राहतात. मालक सिनेनट आहेत. ते राज्याचे मुख्यमंत्रीही आहेत.

नंदमूरि तारक रामाराव म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या मावसभावाला पत्रात कसं लिहावं, हे तुम्हाला सुचत नाही. शेजारच्या तेलुगू घरात देवघराशेजारी कॅलेंडर आहे. त्यातल्या कृष्णाचा चेहरा या माणसाचा आहे. १९५७ च्या 'मायाबझार'पासून लोकांच्या मनातला कृष्ण असाच दिसतो. ते मद्रासला राहत तेव्हा तिरुपतीहून परतणारे यात्रेकरू बस वळवून त्यांच्या घरी जात. देवाचं दर्शन झालं, आता यांचं. २९ मार्च १९८२ ला त्यांनी तेलुगू देसम पक्ष काढला. जुनी शेव्हरोले गाडी रथासारखी सजवून, तिच्यावर उभे राहून ते गावोगाव फिरले. ९ जानेवारी १९८३ ला लालबहादूर स्टेडियममध्ये त्यांनी शपथ घेतली तेव्हा वडिलांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं होतं. आपल्या राज्याचे मुख्यमंत्री दिल्लीहून ठरतात आणि दिल्लीहूनच बदलले जातात, याचा लोकांना वीट आला होता. तेलुगू माणसाचा स्वाभिमान हा शब्द तुम्हाला मराठी असूनही कळला, कारण घरी तो दुसऱ्या नावानं ऐकलेला होता.

ते पहाटे तीनच्या सुमारास उठतात, अधिकाऱ्यांना अंधारातच बोलावतात, हे सगळ्या शहराला माहीत आहे. दूधवाल्याच्याही आधी त्या गल्लीत मोटारी येतात. फाटकापाशी नेहमी गर्दी : दोन रुपये किलोच्या तांदळासाठी आशीर्वाद द्यायला आलेल्या म्हाताऱ्या, अर्ज घेऊन आलेले शेतकरी, नुसता चेहरा पाहायला आलेली पोरं. तुम्ही त्या पोरांत आहात. भगवी वस्त्रं दिसली की गर्दी एकदम ओरडते. तुमच्या उंचीवरून चेहरा दिसत नाही. दिसते ती एका म्हातारीची मूठ, आणि मुठीत घामानं ओला झालेला कागद.

मग तो ऑगस्ट येतो. रामाराव अमेरिकेत हृदयाची शस्त्रक्रिया करून परतले आहेत. त्यांचेच मंत्री नादेंड्ला भास्कर राव दावा करतात की आमदार आपल्याकडे आहेत. १६ ऑगस्टला राज्यपाल रामलाल निवडून आलेलं सरकार बडतर्फ करतात. विधानसभेत मोजणी घ्या, ही साधी मागणी ऐकली जात नाही. शहर पेटतं. नाचारमच्या रामकृष्ण स्टुडिओत, जिथं राजवाड्यांचे सेट उभे राहतात, तिथं आता आमदारांचा मुक्काम आहे. कुणी फोडू नये म्हणून. पुढे त्यांना कर्नाटकात नेलं जातं. दिल्लीत राष्ट्रपतींसमोर शिरगणती द्यायला रामाराव चाकांच्या खुर्चीतून जातात. वर्तमानपत्रातला तो फोटो तुम्ही बराच वेळ पाहता. कॅलेंडरवरचा कृष्ण खुर्चीत बसून दुसऱ्याकडून ढकलला जातो आहे. पहिल्यांदाच तुम्हाला त्याचं वय दिसतं.

वडिलांचा अस्वस्थपणा वेगळा आहे. त्या दिवसांत देशाचे गृहमंत्री आहेत पी. व्ही. नरसिंह राव. स्वामी रामानंद तीर्थांचे शिष्य, आपट्यांचे अनुवादक, घरात ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं ते. निर्णय कुणाचा, किती, हे वडिलांना ठाऊक नाही. पण एक दिवस ते तुम्हाला बेगमपेठला स्वामीजींच्या समाधीकडे नेतात. स्वामीजी १९७२ मध्ये गेले. तिथं उभं राहून वडील सांगतात की त्यांनी दहाव्या वर्षी आपल्या वडिलांना पोलिस कुणाचे असं विचारलं होतं. "आज तोच प्रश्न दिल्लीला विचारायचाय. त्या माणसाबद्दल मला प्रेम आहे, म्हणून तर विचारायचाय."

सप्टेंबरात दंगल आणि संचारबंदी. शाळा बंद, दूध दुर्मीळ. जुन्या शहरातल्या वडिलांच्या मित्राची खबर दोन दिवस लागत नाही. ती लागते तेव्हा आई देवापुढे निरांजन लावते. बंद, मोर्चे, देशभरातून आलेले विरोधी नेते; राज्यपाल बदलतात, शंकर दयाळ शर्मा येतात. १६ सप्टेंबरला, बरोबर एक महिन्यानं, रामाराव पुन्हा मुख्यमंत्री होतात. गल्लीत फटाके. सिनेमात नायक एकटा जिंकतो. या महिन्यात तुम्ही पाहिलं की इथं नायक आजारी होता, आणि जिंकली ती रस्त्यावर उतरलेली माणसं.

डिसेंबरात नरसिंह राव हनमकोंड्यात हरतात आणि विदर्भातल्या रामटेकमधून निवडून येतात. मतदारांशी ते मराठीत बोलले, हे ऐकून आई हसते आणि वडीलही हसतात.

आज

आता तुमचं खरं वय परत घ्या.

बड्या माणसांच्या शेजारी वाढलेल्या मुलांकडून आपण आठवणी मागतो : सही मिळाली का, फोटो आहे का, ते बोलले का. हैदराबादच्या मराठी घरांत अशा आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या जपाव्यात. पण त्या मुलांना मिळालेली खरी गोष्ट वेगळी आहे. त्यांनी मोठेपणाची किंमत पाहिली. प्रश्न विचारल्याबद्दल हद्दपार झालेला प्राध्यापक पाहिला, तुरुंगातून सुटून सत्तेत आलेल्यांच्या काळात झालेला गोळीबार पाहिला, देवाच्या कॅलेंडरमधला माणूस चाकांच्या खुर्चीत पाहिला. असं पाहिलेलं मूल पुढे कुणाचाही आंधळा भक्त होत नाही. ते कुणाची टवाळीही करत नाही, कारण त्या माणसांच्या कष्टांचा त्याला अंदाज असतो. आदर आणि जाब, दोन्ही एकाच माणसाला द्यायचे असतात, हे त्याला घरातच शिकायला मिळतं.

आज नेता आणि नट दोघंही मोबाइलमधून आपल्या मुलांच्या तळहातावर येऊन बसतात. ते रोज दिसतात, बोलतात, वाढदिवसाच्या शुभेच्छाही देतात. ही जवळीक एका बाजूचीच आहे. तिथं दारात ताटकळणारी म्हातारी दिसत नाही, तिच्या मुठीतला कागद दिसत नाही, आणि मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला समोर कुणी नसतं. प्रत्यक्षातला नेता ताफ्यातून काळ्या काचेआडून निघून जातो.

गोल्डन थ्रेशोल्ड सरोजिनीबाईंच्या कन्या पद्मजा नायडूंनी लोकांना दिलं आणि हैदराबाद विद्यापीठाचा आरंभ त्याच वास्तूत झाला. विवेकवर्धिनी अजून उभी आहे. बेगमपेठला स्वामीजींची समाधी आहे. सुट्टीत हैदराबादला गेलात तर चारमिनार आणि रामोजी फिल्मसिटीबरोबर ही ठिकाणं मुलांना दाखवा. आणि त्याहून सोपं, कुठल्याही गावी करता येईल असं एक काम आहे : आपल्या दहा वर्षांच्या मुलाला ग्रामसभेत न्या, महापालिकेच्या सभेला न्या, विधानसभेच्या प्रेक्षक सज्जात न्या. नगरसेवक रस्त्यात भेटला तर मुलालाच त्याच्याशी बोलू द्या. ते जे विचारेल ते अवघड असेल. त्याला गप्प करू नका. १९५२ च्या त्या जेवणाच्या ताटावर वडील रागावले असते, तर १९८४ मध्ये दिल्लीला जाब विचारणारा माणूस त्या घरात तयार झाला नसता.